डावीकडचं बदक

बदकवाल्या आजींनी बाईंना एकदा नाही, तीनदा बजावलं होतं, आणि तिन्ही वेळा बाईंनी मान हलवली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात आजींकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

बाई म्हणजे दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्या बाई. सव्वीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढत आलेल्या, म्हणून सगळे त्यांना फोटोवाल्या बाईच म्हणायचे. त्यांचे यजमान मास्तर. शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग शिकवणारे. त्या भागातली निम्मी माणसं मास्तरांच्या शेजारी बसून, घाम गाळत, शिव्या खात गाडी शिकली होती. आवाज असा की शिकाऊ गाडीतलं बोलणं ऐकून मागचा गाडीवालाही दचकून ब्रेक दाबायचा. "डावा आरसा बघ" हे तर त्यांनी जन्मभर इतक्या वेळा म्हटलं की झोपेतही तेच बडबडायचे. आणि एखादा चुकला, घाबरला, स्टिअरिंगवर डोकं टेकून मुसमुसायला लागला, की मास्तरांचं ठरलेलं उत्तर असायचं: आधी गाडी डावीकडे घे, मग काय रडायचं ते रड.

अशा माणसाची नेमकी डावी बाजूच गेली.

आठ महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, बोलणं वाचलं, काठी टेकत चालताही येऊ लागलं. बाई देवाचे आभार मानायच्या बेतात होत्या, आणि घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मास्तरांनी ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवून हात धुतला. डावीकडचं सगळं जसंच्या तसं. वर तक्रार, की आज वाढलंस किती थोडं. दाढी केली ती उजव्या गालाची. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटून घेतला आणि दारालाच चार शब्द सुनावले. बाई घाबरून डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, त्यात काही नाही. पण डावी बाजू नावाची गोष्ट जगात आहे, हेच त्यांच्या मेंदूला माहीत नाही. जे नाहीच, तिकडे माणूस वळेल कशाला?

बाई त्या दिवसापासून कायम मास्तरांच्या उजवीकडे बसायला लागल्या. डावीकडे बसलं तर नवऱ्याच्या लेखी आपण घरातच नाही, हे त्यांनी एकदा अनुभवलं होतं आणि पुन्हा अनुभवायची त्यांची तयारी नव्हती. जेवताना अर्ध्यावर आलं की त्या गुपचूप ताट फिरवायच्या. मास्तर खूश व्हायचे, अरे वा, अजून आहे की.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, त्यांना डावीकडे वळायला लावा, रोज वळतील तर मेंदू परत शिकेल. फार उशीर करू नका, नाहीतर आहे तेच कायमचं होऊन बसेल. आता लावा म्हणजे कसं लावा? बाईंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, डावीकडून टाळ्या वाजवून पाहिल्या. मास्तर टाळ्यांचा आवाज उजवीकडे शोधत बसायचे.

मग बाईंना त्यांच्या धंद्यातली युक्ती सुचली. एक्स-रे बघताना फोटो उलटा धरला तर डावा पाय उजवा वाटू शकतो. म्हणून फोटोच्या कडेला शिशाचं छोटं अक्षर ठेवतात, डाव्या बाजूला एल, उजव्या बाजूला आर. शिशातून किरण पलीकडे जात नाहीत, त्यामुळे ते अक्षर फोटोत पांढरंशुभ्र उमटतं. हल्ली मशीनच अक्षर छापतं, पण बाईंचा मशीनवर भरवसा नव्हता. त्यांच्या खणात नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची अक्षरं होती. त्यातला एक एल त्यांनी घरी आणला, घासूनपुसून चकचकीत केला आणि मास्तरांच्या डाव्या चपलेवर चिकटपट्टीने चिकटवला. उठायच्या आधी एल शोधायचा, असा नियम घातला. मास्तर शोधायचे, पण दहादा आठवण करून दिल्यावर एकदा. बाईंना तेवढ्याचंही कौतुक.

मास्तरांना अंगणात काढायला काहीतरी निमित्त हवं होतं, तेव्हा बदकांची कल्पना निघाली. मास्तरांनीच काढली. लहानपणी मामाकडे बदकं होती म्हणे. बाईंनी कपाळाला हात लावला, पण आठवड्याभरात दोघं रिक्षाने बदकवाल्या आजींच्या वाड्यात हजर.

मास्तरांचा डोळा आधी मोठ्या पांढऱ्या राजहंसांवर गेला. मान उंच करून ते येईल-जाईल त्याच्यावर फुत्कारत होते, त्यामुळे मास्तरांना ते जवळचे वाटले असावेत. आजींनी सरळ नाही म्हटलं. हा पक्षी वीस-वीस वर्षं जगतो, पाहुण्यांच्या पोटऱ्या फोडतो, आणि काठी टेकणाऱ्या माणसाला तर पाडेलच. तुम्ही साधी बदकं घ्या, माद्या घ्या, आणि दोन घ्या. एकटं बदक झुरून मरतं. मादी कशी ओळखायची तेही आजींनी शिकवलं: शेपटीवर वळलेलं पीस असतं तो नर, आणि मोठ्याने कल्ला करते ती मादी. नर बिचारा घसा बसल्यासारखा कुजबुजतो. यावर मास्तर म्हणाले, आमच्या घरात उलटं आहे. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग आजींची शिकवणी झाली. पाण्याचं टोपलं एवढं खोल हवं की चोच आणि डोळे बुडतील. पाव घालायचा नाही. खालचं गवत रोज बदलायचं, नाहीतर वासाने तुम्हीच घर सोडाल. दिवस मावळायच्या आत खुराड्यात, आणि कडी मजबूत. "आणि चकाकणारं काही खाली ठेवू नका," आजी म्हणाल्या. "खिळा, तार, नाणं, काहीही. बदक आधी गिळतं, मग बघतं काय होतं ते." तीनदा सांगितलं ते हेच.

बाईंनी घरी येऊन मास्तरांच्या जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, दोरीला बांधलं आणि अख्ख्या अंगणातून फिरवलं. सतरा खिळे, एक बिजागरी आणि कधीकाळी हरवलेली कात्री निघाली. आपल्यासारखी काळजी कोण घेणार, म्हणून बाई स्वतःवरच खूश होत्या.

मास्तरांनी बदकांची नावं ठेवली. पांढरी चालता चालता मध्येच थबकायची, ती ब्रेक. मग तपकिरी आपोआप क्लच झाली. गाडीतला क्लच डाव्या पायाखाली असतो, आणि ही क्लच खरोखरच पहिल्या आठवड्यात मास्तरांच्या डाव्या पायाशी जाऊन उभी राहायला लागली. मास्तर खुर्चीत बसले की क्लच डावीकडे. चपलेवर चोच मारायची, पायजमा ओढायची, आणि लक्ष दिलं नाही तर शेजारी खिडक्या लावून घेतील एवढा गोंगाट करायची. आठ-दहा दिवस मास्तर आवाज उजवीकडे शोधत राहिले. एका सकाळी बाई कपडे वाळत घालत होत्या आणि त्यांनी पाहिलं, मास्तरांची मान हळूहळू, गंजलेल्या नळासारखी, डावीकडे वळली. खाली बघून ते म्हणाले, अगं ही इथे आहे. बाईंच्या हातातली चादर मातीत पडली.

त्यानंतर रोज. उजव्या मुठीत वाटाणे घेऊन मास्तर हात पोटावरून आडवा नेऊन डावीकडे भरवायचे. दोन महिन्यांत दाढी दोन्ही गालांची व्हायला लागली. ताट फिरवावं लागेना. व्यायामवाली मुलगी म्हणाली, मी जे करू शकले नाही ते बदकाने केलं, आता फक्त यात खंड पडू देऊ नका. बाईंना तेवढी एकच धास्ती बसली, खंड पडायची.

मधे एकदा चपलेवरचा एल गायब झाला. पट्टी अर्धी फाटून लोंबत होती. पडला असेल कुठेतरी, म्हणून बाईंनी सवयीने लोहचुंबक फिरवलं. काही चिकटलं नाही, म्हणजे अंगणात नाही, अशी समजूत करून घेतली. खणातला दुसरा एल आणून आणखी घट्ट चिकटवला. पंधरा दिवसांत तोही गेला. तोवर मास्तर अक्षराशिवायच वळत होते, म्हणून बाईंनी नाद सोडला.

बदकं आणून अडीच महिने झाले आणि क्लचचा आवाज बसला. आधी कल्ला, मग घरघर, मग नुसती कुजबुज. बाईंना वाटलं, आपल्याला फसवलं, मादी म्हणून नर गळ्यात मारला. त्यांनी फोन करून आजींना फैलावर घेतलं. आजींनी शांतपणे विचारलं, शेपटीवर वळलेलं पीस आहे का? नव्हतं. मान ताठ धरते का? बाईंनी खिडकीतून पाहिलं. क्लचची मान खाली लोंबत होती, आणि मास्तरांच्या डाव्या पायाशी जाताना ती दोन पावलांवर बसत होती. आजी म्हणाल्या, मग भांडण नंतर करा, आधी डॉक्टर गाठा.

गुरांच्या डॉक्टर गंभीर, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बदकाचे पंख, विष्ठा, डोळे पाहिले आणि पोटात काही गेलंय का ते बघायला हवं म्हणाल्या, पण त्यांच्याकडे मशीन नव्हतं. बाई म्हणाल्या, मशीनची काळजी तुम्ही करू नका.

रविवार होता, दवाखान्याचा तो भाग बंद. मोठ्या डॉक्टरांची फोनवर परवानगी काढून बाईंनी क्लचला टोपलीतून आत नेलं. वॉर्डबॉय मामांनी, ज्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते, शिशाचा जाड एप्रन चढवला आणि बदकाला टेबलावर धरलं. आयुष्यात खूप माणसं धरली, मामा म्हणाले, पण इतका शांत पेशंट नाही बघितला. बाईंनी सवयीप्रमाणे कडेला डाव्या बाजूचं अक्षर ठेवलं, काचेमागे गेल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर चित्र उमटलं. बारीक, नाजूक हाडं. बाई खिळा शोधत होत्या, तार शोधत होत्या. मामा एप्रन सावरत मागे येऊन उभे राहिले.

"ताई," मामा म्हणाले, "आज तीन अक्षरं का ठेवलीत?"

बाईंनी पाहिलं. कडेला एक एल होता, त्यांनी आत्ता ठेवलेला. आणि पोटाच्या मधोमध, बदकं जिथे खडे साठवून दाणे दळतात त्या पिशवीत, आणखी दोन. एक सरळ, एक आडवा पडलेला. पांढरेशुभ्र, ठसठशीत, सव्वीस वर्षांत बाईंनी काढलेल्या कुठल्याही फोटोत उमटले नसतील इतके स्वच्छ.

 बाई स्टुलावर बसल्या. मामांनी पाणी आणलं, ते त्यांनी तसंच टेबलावर ठेवलं. शिसं. शिसं पोटात गेलं की विषबाधा होते, हे त्यांना माहीत होतं, नोकरीत शिकवलेलं होतं. अक्षरं हाताळल्यावर त्या स्वतः साबणाने हात धुवायच्या. आणि लोहचुंबकाला शिसं चिकटत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. अंगणातला एकूण एक खिळा वेचणाऱ्या बाईने बदकाच्या चोचीसमोर विष घासूनपुसून, चकचकीत करून ठेवलं होतं. एकदा नाही, दोनदा.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, ती पहिलीपेक्षा वाईट. क्लच रोज डाव्या पायाशीच का जायची? चकाकणाऱ्या अक्षरासाठी. पहिल्यांदा ती तिथे गेली ती त्या अक्षरापायी, आणि पुढे ती सवय झाली. मास्तरांची मान वळली ती त्या अक्षरामुळे आणि बदक मरायला टेकलं तेही त्याच अक्षरामुळे. बाईंना कळेना, हात जोडावेत की थोबाडीत मारून घ्यावी. मामांनी क्लचला टोपलीत ठेवलं आणि टोपली बाईंच्या मांडीवर दिली.

गुरांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, बाईंचं सगळं ऐकून घेतलं, आणि बदक ठेवून घेतलं. पोट धुवायचं, शिसं उतरवायची इंजेक्शनं द्यायची. आशा थोडी आहे म्हणाल्या.

मास्तरांना बाईंनी एवढंच सांगितलं की क्लचला बरं नाही, डॉक्टरांकडे आहे, येईल. मास्तर हूं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते अंगणात गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातलं उजवीकडचं तेवढं खाल्लं आणि हात धुवायला उठले. बाई बघत राहिल्या. इतक्या लवकर? त्यांनी ताट फिरवलं आणि मास्तर परत बसले. 

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. एक अक्षर निघालं होतं, दुसरं निघायच्या आधी बदक गेलं. बाई तिथे पोचल्या तेव्हा डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत ते अक्षर दिलं. कडा झिजून गेल्या होत्या. जे झिजलं ते सगळं क्लचच्या रक्तात गेलं, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

बाई तिथून घरी आल्या नाहीत. आजींच्या वाड्यात गेल्या. फोनवर तोंड सोडलं त्याची माफी मागायची होती, पण तोंड उघडताच सगळंच बाहेर पडलं. आजींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, क्लचच्याच बरोबर अंड्यातून निघालेली बहीण आहे माझ्याकडे, पिसापिसाने तीच. घेऊन जा. अर्धंच दिसणाऱ्या माणसाला काय कळणार?

बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्यांनी टोपली पुढे केली. मास्तर पुन्हा अर्धे होताना बघण्यापेक्षा खोटं बोलणं परवडलं.

घरी येऊन त्यांनी नव्या बदकाला ब्रेकच्या शेजारी सोडलं आणि आत जाऊन म्हणाल्या, अहो, क्लच आली, बाहेर चला. मास्तर उठले. काठी टेकत आले, खुर्चीत बसले. बाई नेहमीसारख्या उजवीकडे उभ्या राहिल्या. दोन्ही बदकं समोर पाण्यात चोची बुडवत होती. नवीने खणखणीत आवाज दिला. 

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. उजव्या खिशातून वाटाणे काढले. मग कुणी हाक न मारता, कुणी पायजमा न ओढता, त्यांची मान डावीकडे वळली. मानेमागोमाग खांदाही वळला. त्यांनी डाव्या चपलेपाशी पाहिलं, वाटाण्यांची मूठ आडवी तिकडे नेली आणि तशीच धरून ठेवली. 

"डावीकडे कुणी नाहीये," मास्तर म्हणाले.

 डावी बाजू जगात आहे हेच ज्यांच्या मेंदूला माहीत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, त्या माणसाला ती रिकामी दिसली होती. बाईंना आनंद झाला आणि त्या आनंदाचीच भीती वाटली, इतका तो क्लचच्या जिवावर आलेला होता. आता खोटं बोलायला तोंड उरलं नव्हतं.

त्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मास्तरांच्या डाव्या पायाशी, क्लच उभी राहायची तिथे, जमिनीवर बसल्या. पर्समधली पुडी उघडून अक्षर मास्तरांच्या तळहातावर, वाटाण्यांत ठेवलं आणि सांगितलं. चपलेवरचं अक्षर, लोहचुंबक, दुसरं अक्षर, फोटो, ही नवी बहीण, सगळं. काही लपवलं नाही. सांगताना त्या मातीकडे बघत होत्या. मान वर केली तेव्हा मास्तर त्यांच्याकडेच बघत होते. त्या एका अनुभवानंतर बाई पहिल्यांदाच त्यांच्या डावीकडे बसल्या होत्या.

"दोन्ही अक्षरं तूच लावलीस?" मास्तरांनी विचारलं.

"दोन्ही."

मास्तरांनी झिजलेलं अक्षर अंगठ्याने चाचपलं. डोळे भरून आले होते, पण आवाज शिकाऊ गाडीतलाच निघाला.

"घेतलीस ना गाडी डावीकडे," ते म्हणाले. "आता रड."

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. समोर नव्या बदकाने पाण्याचं टोपलं उलटं केलं होतं आणि ब्रेक थबकून बघत होती.